घामाची हजेरी

सर, काल मी शिकवते त्या शाळेच्या मुलींनी खो-खोची तालुक्याची फायनल जिंकली. तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं होतील, तेव्हा ही बातमी तुमच्यापर्यंत पोचवायला पोस्टाचा काही उपयोग नाही एवढं मला कळतं. तरी सकाळपासून कोणाला तरी सगळं सांगावं असं वाटतंय, आणि घरात ज्यांना सांगितलं ते अभिनंदन करून आपापल्या कामाला लागले. मंठ्याहून परत येताना टेम्पोत मुली घसा बसेपर्यंत ओरडत होत्या. शाळेत उतरल्यावर कपडे बदलून एकेकीने जर्सी माझ्या पिशवीत आणून टाकली, ओली, धुळीने माखलेली, हात लावावासा वाटू नये अशी. बारा नंबरची जर्सी मात्र घडी घालून आली. ती आणणारी आठवीतली मुलगी म्हणाली, "बाई, ही धुवायला टाकू नका. कोरडीच हाये." ती टोमणा मारत नव्हती हो. बाईंचं एका कपड्याचं धुणं वाचावं एवढंच तिच्या मनात होतं. मी "बरं" म्हणाले आणि पिशवीची गाठ मारली. ते शब्द माझ्या मनातून जात नाहीत, आणि ते का जात नाहीत हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला समजणार नाही.

तुमच्या आधी आमच्या आष्टीच्या शाळेत खेळाचा तास म्हणजे मास्तरांनी सावलीत खुर्ची टाकायची, पाच-सहा तरबेज पोरांनी चेंडू बडवायचा आणि उरलेल्यांनी लिंबाखाली बसून नखं खायची, असा रिवाज होता. त्या उरलेल्यांत मी पहिल्या रांगेतली. बाजारात वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, घरात खायला-प्यायला बरं होतं, आणि मी अंगाने चांगली भरलेली होते. पोरं मला काय म्हणायची ते तुम्हाला आठवत असेल, मी काही इथे लिहीत नाही. खेळाच्या तासाला माझं पोट दुखायचं, ते तास संपला की बरोबर थांबायचं. मग तुम्ही आलात. तुम्ही स्वतः काही सडपातळ नव्हता. शर्टाची खालून दुसरी गुंडी कायम ताणलेली, डोक्यावर पांढरी टोपी, हातात पत्र्याचा डबा. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली आणि आत चुना नि राख कालवलेली. पहिल्या दिवशी तुम्ही एकट्याने त्या डब्याने सगळ्या मैदानावर रेघा मारल्या. मैदान तरी कसलं, गावातल्या निम्म्या लोकांचं ते खळं. सोयाबीन वाळत घातलेलं असायचं. तुम्ही कोणाशी भांडला नाहीत. ज्याचं सोयाबीन असेल त्याला म्हणायचात, तुम्ही सकाळी दहाला पसरा, मी पोरांना आठ ते दहा पळवतो, दोघांचंही वाळतं. लोक हसायचे, पण ऐकायचे.

आणि तुमची ती घामाची हजेरी. तास संपला की सगळ्या वर्गाने रांगेत उभं राहायचं, शर्टाच्या बाहीने कपाळ पुसायचं आणि बाही पुढे करायची. ओली बाही असेल तो सुटला. कोरडी असेल त्याने मैदानाला आणखी एक फेरी मारायची. कोण पहिला आला, कोणाची उडी लांब गेली, हे तुम्ही कधी वहीत लिहिलं नाही. "पहिला कुणीतरी येतोच," म्हणायचात. "मला सगळे ओले पाहिजेत." आता मी क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणाला जाते तेव्हा तिथे मोठे तक्ते दाखवतात, मुलांनी रोज किती हालचाल करावी, ती कशी मोजावी. मी मान डोलावते. माझ्या मनात तुम्ही रांगेपुढून बाह्या बघत चाललेले असता.

मी शहाणी. मला फेरीही नको होती आणि घामही नको होता. व्हरांड्यात पाण्याचा रांजण होता, त्यात मी बाही बुडवली आणि रांगेत जाऊन उभी राहिले. तुम्ही माझ्यापाशी आलात. बाही कोपराच्या वरपर्यंत निथळत होती आणि कपाळ ठणठणीत कोरडं. मला वाटलं आता सगळ्यांसमोर माझी शोभा होणार. तुम्ही फक्त मलाच ऐकू जाईल असं म्हणालात, "घाम कपाळाला येतो बाई, कोपराला न्हाई." आणि टोपी खुंटीला लावून माझ्याबरोबर पळायला लागलात. कोरड्या बाहीवाल्यांची जादा फेरी तुम्ही नेहमीच त्यांच्याबरोबर मारायचात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं, कारण मी तोवर पोटदुखीवर होते. आपण दोघं पळतोय, म्हणजे लोकांना ते चालणंच वाटलं असेल. तुम्ही माझ्या अर्धा पाऊल मागे. मी सारखी वळून बघते, कोण हसतंय का. तुम्ही धापा टाकत म्हणता, "मागं पाहू नको. मागं मीच हाये." मग वडिलांच्या मशीनची चौकशी करता, नवीन घेतली की जुनीच, पायाची का मोटारीची. मी उत्तर देत देत कधी फेरी संपवली मला समजलं नाही. बाही बघायला तुम्ही विसरलात. मी घरी जाऊन स्वतःच बघितली.

नववीत तुम्ही मुलींचा संघ करायचा घाट घातलात तेव्हा गावात किती बोलणं झालं. खेळाला कोणाची ना नव्हती, ना होती ती कपड्यांना. तुम्ही माझ्या वडिलांच्या दुकानात जाऊन बसलात. दोन चहा झाले, तीन झाले. शेवटी गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचे सैल पायजमे ठरले, घोट्याला इलॅस्टिक, वर गुडघ्यापर्यंत सदरा. वडिलांनी ते बाराच्या बारा शिवून दिले आणि माझा सगळ्यांत आधी शिवला, मी संघात आहे असं मला कोणी सांगितलेलं नसताना. मग तुम्ही आमच्या घरी आलात. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पोत्यावर बसलात. आईचं म्हणणं होतं की पोरगी आधीच अंगाने भारी, चारचौघांत पळायला लागली की लोकांना फुकटचा तमाशा. तुम्ही म्हणालात, "हसू द्या वहिनी. हसणारे बसून हसतेत. ही पळून राह्यली." आईने तव्यावरची भाकरी तुमच्या ताटात टाकली, त्यावर ठेचा ठेवला. तुम्ही ती उंबऱ्यावरच खाल्लीत आणि दुसरीही मागून घेतलीत.

सरावाची वेळ तुम्ही घड्याळावर ठरवली नाहीत. त्या वर्षी पाणी टँकरने येत होतं आणि टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. हंडा भरायला मुलीच जायच्या. दुसऱ्या कोणी मास्तरांनी उशिरा आल्याबद्दल छड्या दिल्या असत्या. तुम्ही मैदानाच्या कडेला बसून वाट बघायचात आणि टँकरचा भोंगा ऐकू आला की स्वतःच सांगायचात, जा, जल्दी भरून या, तोवर मी रेघा मारतो. परत येणाऱ्या मुलींना पळण्याआधी दहा मिनिटं निवांत बसवायचात. दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास गणिताचे सर खाऊन टाकायचे तेव्हा तुम्ही त्यांच्या दाराशी शिट्टी तोंडात धरून उभे राहायचात, वाजवायचा नाहीत, नुसते उभे. अख्खा वर्ग खुदुखुदू हसायचा. शेवटी ते सर वैतागून अर्धा तास सोडायचे. आज मी तेच करते, पण मला अजून शिट्टी तोंडात धरून इतका वेळ गप्प उभं राहता येत नाही.

एकदा मात्र तुम्ही मला रागावलात, आणि ते बरोबरच होतं. दहावीत मी बऱ्यापैकी पळायला लागले होते. सातवीतली एक किडमिडी पोरगी खांबाला वळसा घालताना तोंडावर आपटली आणि मी हसले, चांगलं खदखदून. तुम्ही शिट्टी वाजवून सगळा खेळ थांबवलात. "तू कवा आल्ती इथं, कशी आल्ती, बिलकुल इसरली का?" एवढंच. मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. तुमचा आवाजही चढलेला नव्हता.

आता त्या फायनलचं लिहिते. परतूरला होती. तुमचा नियम सगळ्यांना पाठ होता, जी वर्षभर सरावाला आली ती खेळणार, सामना कोणताही असो. बाराजणींत सर्वांत हळू मीच होते. शेवटचा पळतीचा डाव, म्हणजे समोरच्यांनी आपल्याला बाद करायचं, आणि आपल्याकडे तीन गुणांची आघाडी. पळतीला तिघी-तिघींच्या तुकड्या आत जातात. तुम्ही मला दुसऱ्या तुकडीत घातलं. मी आत गेले आणि मला पुढचं काही दिसेना. समोरची पोरगी खांबाला वळून माझ्याकडे आली, तिचा हात लागायच्या आधीच मी घाबरून रेघेबाहेर गेले. बाद. दहा आकडेसुद्धा मोजून झाले नसतील. माझ्यामागे उरलेल्या दोघी गडबडल्या, त्याही गेल्या, आणि तिसऱ्या तुकडीवर इतका वेळ खेळून काढायची पाळी आली की त्यांच्याने ते झालं नाही. आपण एका गुणाने हरलो. एसटीत आपली कॅप्टन खिडकीला डोकं टेकून रडत होती. तिचं जिल्ह्याला खेळायचं त्या वर्षी राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी तुम्हाला सगळ्यांदेखत विचारलं, ह्या पोरीला कशाला उतरवलं मैदानात? तुम्ही म्हणालात, "ती वर्षभर आल्ती." त्यांनी पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात.

मी तुमच्याकडे माफी मागायला आले होते, आठवतं? तुम्ही चुना चाळत होता. मी रडायला लागले तर तुम्ही चाळणी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, हरलो ते बराबर हाये, पण त्यात रडण्यासारखं काय झालं ते मला काही समजत न्हाई. पुढच्या जूनपासून संघ दुसऱ्या सरांकडे गेला आणि तुमच्याकडे पाचवी ते सातवीचे वर्ग आले. मी तोवर शाळा सोडून गेलेली. येता-जाता बघायची, तुम्ही लहान पोरांच्या रांगेपुढून बाह्या बघत चाललेले, स्वारी खुशीत. मला वाटलं तुम्हीच मागून घेतलं असेल. तुमच्या तेराव्याला कॅप्टन भेटली. वडीगोद्रीला हायवेवर तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान आहे, तिथून ती मुद्दाम आली होती. तिने मला सांगितलं की फायनलच्या आदल्या दिवशीच संस्थेच्या लोकांनी तुम्हाला बजावलं होतं, हरलात तर संघ काढून घेऊ. म्हणजे मला दुसऱ्या तुकडीत लिहिताना तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी तिला विचारलं, तुला राग आहे का अजून? ती म्हणाली, "तवा लई आल्ता. आता माझी पोरगी हळू पळती, म्हणून राग न्हाई."

सर, त्या फायनलची गोष्ट मी वीस वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलेय. दरवर्षी जूनमध्ये, पहिल्याच तासाला. सांगताना माझा आवाज भरून येतो, मुली गप्प होतात, मला फार चांगलं वाटतं. आठवीतल्या त्या मुलीनेही ती ऐकली होती. ती मळ्यातल्या वस्तीवरून दोन किलोमीटर चालत येते. पळताना तिला धाप लागते, वळताना तोल जातो, खो द्यायला नेहमी क्षणभर उशीर होतो. पण जूनपासून तिने एक सराव चुकवला नाही. पहिल्या सामन्यात तिला घ्यायचं मी ठरवलं होतं, तो अटीतटीचा झाला. दुसऱ्यात म्हटलं फायनलला घेऊ. फायनलला आमच्याकडे चार गुणांची आघाडी होती, मांडवात संस्थेचे अध्यक्ष बसलेले, आणि ती माझ्या शेजारी बुटाच्या नाड्या दुसऱ्यांदा घट्ट बांधत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला कोणी बजावलेलं नव्हतं, सर. संघ काढून घेऊ असं कोणी म्हणालं नव्हतं. मला फक्त जिंकायचं होतं. जिंकल्यावर सर्वांत आधी टाळ्या तिनेच वाजवल्या. ढाल घेताना मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

आज रविवार, म्हणून दुपारी तिच्या वस्तीवर गेले. माय-लेकी कापूस वेचत होत्या. तिच्या आईला वाटलं पोरीची काही तक्रार आहे, ती ओटीतला कापूस सावरत लगबगीने पुढे आली. मी म्हटलं, तक्रार नाही, सहज आले. मुलीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, काल तुला खेळवायला पाहिजे होतं. तिने विचारलं, "बाई, मी खेळले असते तर आपुन हरलो असतो का?" मी म्हटलं, बहुतेक हरलो असतो. तिने मान हलवली. "मंग बराबर केलं तुम्ही," असं म्हणाली आणि वेचायला परत वळली. तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. जाताना तिची आई म्हणाली, ही सकाळी विहिरीपर्यंत पळत जाती आन पळत येती, रोज, आमी म्हणतो कशापायी इतकं करून राह्यली. मी म्हटलं, करू द्या.

घरी आल्यापासून वही पुढे घेऊन बसलेय. परवा जालन्याला जिल्ह्याचा पहिला सामना आहे, समोरचा संघ तगडा आहे, तुकड्यांचा क्रम मला उद्या मुलींना सांगायचा आहे. तिला तिसऱ्या तुकडीत टाकलं तर आधीच्या दोन तुकड्या सगळा वेळ काढतील आणि तिला आत जावंच लागणार नाही. वर मला म्हणता येईल की नाव तर घातलं होतं. ही पळवाट मला आपोआप सुचली, तुम्हाला ती दिसत असूनही तुम्ही कधी वापरली नाहीत. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, वहीतच राहील, तेव्हा शेवटी खरं तेच लिहिते. मी तिचं नाव पहिल्या तुकडीत लिहिलंय, सर. बाकीची आठ नावं पेनाने आहेत. तिचं अजून पेन्सिलीने आहे.